वय झालेल्या रुग्णाच्या बाजूने

नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मी काही वर्षांपासून सर्वसामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून काम करते. माणसांवर नव्या औषधाची चाचणी सुरू करण्यापूर्वी अशा समितीची मंजुरी घ्यावी लागते. नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत डॉक्टर व शास्त्रज्ञांबरोबर एक कायद्याचा जाणकार, किमान एक स्त्री आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या शेवटच्या जागेवर आले. माझ्याकडून अपेक्षा एवढीच असते की, समोर आलेले संमतिपत्र एखाद्या रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी वाचावे तसे मी वाचावे आणि जे कळत नाही ते भर बैठकीत विचारावे.

या कागदांमधील एका रकान्यावर माझी नजर आता आपोआप थांबते. चाचणीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे तिथे लिहिलेले असते. आजार उतारवयाचा असला तरी वयाची अट बऱ्याचदा अठरा ते पासष्ट अशी असते. ती सैल असली तरी मधुमेह आटोक्यात नसलेले, मूत्रपिंडाचे काम मंदावलेले, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण पुढच्या ओळींमध्ये वगळले जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसांमधून एवढे सगळे वगळल्यावर मागे कितीजण उरतात? संशोधकांची अडचण मला समजते. इतर विकारांची सरमिसळ झाली की गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला हे सांगणे कठीण होते, आणि वयस्कर रुग्णाला इजा होण्याची भीतीही अधिक असते. पण याचा परिणाम असा होतो की, ज्यांना ते औषध पुढे वर्षानुवर्षे द्यायचे आहे, त्यांच्याविषयीचीच माहिती सर्वांत कमी जमा होते.

इकडे आमच्या वसाहतीतील ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात मात्र याच वयाला आग्रहाची आमंत्रणे येत असतात. 'गुडघा न बदलता गुडघेदुखीतून मुक्ती', 'तुमच्याच पेशींनी तुमचा उपचार', 'वय मागे न्या' अशी गुळगुळीत कागदावरची पत्रके कॅरमच्या बोर्डाशेजारी ठेवलेली असतात. मोफत तपासणी शिबिर, चहा-बिस्किटे, एक छोटे व्याख्यान आणि शेवटी नाव-नोंदणी असा त्याचा ठरलेला क्रम असतो. संशोधनाच्या दाराशी ज्यांना वयामुळे थांबवले जाते, त्यांच्यासाठीच बाजारात पायघड्या घातल्या जातात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते आणि हा लेख त्याच अस्वस्थतेतून लिहिते आहे.

रिजनरेटिव्ह मेडिसिन, म्हणजे झिजलेल्या किंवा निकामी झालेल्या ऊतींची जागा नव्या पेशींनी भरून काढण्याची वैद्यकशाखा, हे काही भोंदूपण नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या पेशींचे) अस्तित्व दाखवून दिले. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी परळच्या टाटा रुग्णालयात केले, आणि आज टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत अशी प्रत्यारोपणे होतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रसायनाने किंवा चुन्याने भाजून बुबुळाचा पृष्ठभाग गेलेल्या रुग्णांना निरोगी डोळ्याच्या कडेवरील मूलपेशी वापरून पुन्हा दृष्टी मिळवून दिली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगाशी लढण्यासाठी परत सोडतात) २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली आणि परदेशातील तशाच उपचाराच्या जवळपास एक दशांश खर्चात तो उपलब्ध झाला. यातले मुंबई परिसरातले काम तर आमच्या घरांपासून लोकलच्या अंतरावर घडले आहे. या प्रत्येक उपचाराच्या मागे आधी चाचणी, मग प्रसिद्ध झालेले निकाल आणि त्यानंतर व्यापक वापर असा रस्ता आहे. रुग्णांनी धरून बसायला हवे ते या क्रमालाच.

आमच्या शेजारच्या काकूंची फाइल माझ्याकडे बरेच दिवस होती. त्या सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. नगरपालिकेच्या शाळेत उभे राहून शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांनी सूड उगवावा तसा त्रास सुरू केला. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितले होते, पण शस्त्रक्रियेची धास्ती आणि 'माझ्यामागे यांचं कोण करणार' ही काळजी, यांमुळे त्या टाळत राहिल्या. अशात एका खासगी क्लिनिकच्या शिबिरात त्यांना सांगण्यात आले की पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून गुडघ्यात सोडल्या की झिजलेली गादी पुन्हा तयार होते. रविवारपर्यंत पैसे भरल्यास सवलत होती. दोन्ही गुडघ्यांचे मिळून दीड लाख रुपये काकूंनी मुदतठेव मोडून भरले. सहा महिन्यांनी दुखणे होते तिथेच होते.

त्या फाइलमध्ये काय होते ते मी मुद्दाम तपशिलाने सांगते. पावतीवर फक्त 'प्रोसिजर चार्जेस' असे लिहिले होते. किती पेशी काढल्या, त्यांवर कोणत्या प्रयोगशाळेत काय प्रक्रिया केली, त्या जिवंत होत्या की नाही याची तपासणी झाली का, यांपैकी कशाचाच उल्लेख कुठेही नव्हता. संमतिपत्र इंग्रजीत होते, एका पानाचे. त्यात धोक्यांविषयी दोन ओळी होत्या आणि 'निकालाची हमी नाही' ही ओळ ठळक अक्षरांत होती. रात्री-अपरात्री गुडघा सुजला तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक नव्हता. मी समितीत ज्या चाचण्यांची संमतिपत्रे वाचते ती दहा-पंधरा पानांची असतात, मराठीत असतात. त्यांत मुख्य संशोधकाचा आणि समितीच्या सचिवांचा फोन नंबर असतो, दुसरे कोणते उपचार उपलब्ध आहेत हे लिहिलेले असते, आणि केव्हाही बाहेर पडता येईल, त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, अशी हमी असते. म्हणजे जिथे उपचार अजून सिद्ध झालेला नाही असे उघड मान्य केले जाते, तिथे रुग्णाला अधिक संरक्षण आहे. आणि जिथे तो सिद्ध असल्यासारखा विकला जातो, तिथे एका पानावर सही घेतली जाते.

काकूंच्या वतीने आम्ही लेखी अर्ज देऊन सगळी कागदपत्रे मागितली. मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाला त्याच्या नोंदी देणे हे डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेनेच बंधनकारक केले आहे. उत्तरादाखल एक पानी सारांश मिळाला. पेशींबद्दलचे प्रश्न अनुत्तरितच राहिले. काकू मला म्हणाल्या, "अगं, मी तीस वर्षं मुलांना सांगत आले, कळलं नाही तर हात वर करा. तिथे मात्र पांढरा कोट बघून माझा हात वर गेला नाही." त्यांच्या या बोलण्यात स्वतःला दोष देण्याचा सूर होता, आणि तो मला मान्य नाही. दुखणाऱ्या माणसाने सावध राहावे ही अपेक्षा ठेवण्याआधी विकणाऱ्याने खरे सांगावे ही अपेक्षा ठेवली पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ही गोष्ट पुरेशी स्पष्ट आहे. रक्ताच्या व तत्सम ठरावीक विकारांसाठी केले जाणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा रुग्णावरील वापर मंजूर चाचणीतच करता येतो आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. २०१९ च्या नियमांनी स्टेम सेलपासून तयार केलेल्या उत्पादनांना 'नवे औषध' मानले, म्हणजे त्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आवश्यक ठरली. गुडघ्याच्या बाबतीत चित्र अगदीच रिकामे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून बेंगळुरूत तयार झालेल्या एका उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी परवानगी मिळाली आहे. त्यामुळे 'स्टेम सेल चांगल्या की वाईट' हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. माझ्या गुडघ्यात नेमके काय सोडणार, त्याला परवानगी कोणी व कशासाठी दिली, आणि ज्यांना दिले त्यांची तुलना कोणाशी केली, हे विचारावे लागते.

तुलनेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या केंद्रात 'मला फरक पडला' असे सांगणारी माणसे आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. स्टेम सेलपेक्षा वेगळा पण त्याच दुकानात मिळणारा उपचार म्हणजे पीआरपी. यात रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट एकवटून सांध्यात टोचतात. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसते सलाइन टोचले होते आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभरानंतर वेदना शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीच्या गटात सरासरी २.१ नी आणि सलाइनच्या गटात १.८ नी कमी झाली होती. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता, आणि कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातील गादीच्या, झिजेतही फरक दिसला नाही. म्हणजे बरे वाटले ते दोन्हीकडे वाटले. २०२३ मध्ये अमेरिकेतील सुमारे पावणेपाचशे रुग्णांवरील चाचणीत अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींपासून मिळवलेल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली आणि एका वर्षाअखेर कोणतीच पेशी त्या स्वस्त इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाही. हे निकाल ऐकून केंद्रातील एक काका नाराज झाले. "मग आम्ही आशाच ठेवायची नाही का?" असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर द्यावे लागते. माझे उत्तर असे की आशा जरूर ठेवावी, पण तिची किंमत आपल्याकडून आगाऊ वसूल होत असेल तर पुरावा मागावा.

चाचणीच्या नावाखालीही फसवणूक होऊ शकते. फ्लोरिडात ७२ ते ८८ वर्षे वयाच्या तीन स्त्रियांनी वार्धक्याने होणाऱ्या नेत्रपटलाच्या झिजेसाठी एका क्लिनिकमध्ये चरबीतील स्टेम सेल दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून ही हकिकत जगासमोर आली. यातल्या काहीजणींचा समज होता की आपण एका नोंदणीकृत चाचणीत भाग घेत आहोत. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले होते आणि दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी प्रयोग केला होता. त्याउलट, जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या चमूने २०१४ मध्ये याच आजाराच्या सत्तरीतल्या एका रुग्णेच्या एकाच डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशींचा पातळ पापुद्रा बसवला. आणि पुढच्या रुग्णाच्या पेशींमध्ये जनुकीय बदल आढळल्यावर काम थांबवले. थांबण्याची ही तयारी दिसते का, एवढ्यावरून बरेच ओळखता येते.

भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि २००९ पासून ती नोंद बंधनकारक आहे. केवळ नोंद आहे म्हणून चाचणी चांगली ठरत नाही, पण नोंद नसलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील दोन निवृत्त सदस्य आता गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसतात आणि कोणी पत्रक आणले की त्यातील दावा तिथे शोधून पाहतात. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, तुलनेचा गट आहे का, पैसे मागितले आहेत का, आणि वयाची अट काय आहे, हे सगळे एका कागदावर मराठीत लिहून देतात.

मात्र फसवणुकीपासून वाचवणे एवढेच काम धरले तर वयस्कर रुग्ण पुन्हा घरी बसवला जातो. १९८३ मध्ये डेन्व्हर येथे एड्सच्या रुग्णांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला की आमच्याविषयीच्या निर्णयांमध्ये प्रत्येक पातळीवर आम्हाला स्थान हवे. पाच वर्षांनी त्यांच्या चळवळीतले लोक अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या दारात जाऊन बसले आणि त्या दबावामुळे औषधांच्या चाचण्यांची पद्धत बदलली. कॅलिफोर्नियात २००४ च्या सार्वमतातून स्टेम सेल संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचा निधी उभा राहिला, तेव्हा तो निधी वाटणाऱ्या संस्थेच्या नियामक मंडळावर रुग्णांच्या प्रतिनिधींसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. आपल्याकडे थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलांच्या पालकांनी रक्तपेढ्यांपासून मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करून बरेच काही मिळवले आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र असे कोणी बोलत नाही, आणि म्हातारी माणसे स्वतःही या विषयावर बोलत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेल्या रेल्वेभाड्याच्या सवलतीसाठी आमच्या संघांनी खासदारांना किती निवेदने दिली असतील! निवेदन कसे लिहायचे, पोच कशी घ्यायची, पाठपुरावा कसा करायचा, हे आम्हाला उत्तम येते. तीच शक्ती वैद्यकीय संशोधनाकडे वळवायला हवी, असे मला तळमळीने वाटते.

मुद्दे भरपूर आहेत. त्यांतला एक मला समितीत बसल्यावरच कळला आणि तो मी प्रत्येक सभेत सांगते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई किती द्यायची, याचे सूत्र २०१९ च्या नियमांच्या सातव्या अनुसूचीत आहे. आठ लाख रुपयांच्या मूळ रकमेला वयाच्या आणि जोखमीच्या गुणकाने गुणून ९९.३७ ने भागायचे. सोळा किंवा त्याहून कमी वयासाठी वयाचा गुणक २२८.५४ आहे, तो उतरत उतरत ६५ व्या वर्षी ९९.३७ वर येतो आणि तिथेच राहतो. जोखमीचा गुणक निरोगी स्वयंसेवकासाठी ४ असतो आणि आजाराच्या गांभीर्यानुसार, सोबतच्या विकारांनुसार तो ०.५ पर्यंत खाली येतो. म्हणजे वय आणि आजार जितके अधिक, तितकी भरपाई कमी. या गणिताचे मूळ कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे, जिथे बुडालेली कमाई मोजायची असते. पण सत्तरीतली आजी नातवाला शाळेतून आणते, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सगळे करते, तिच्या जाण्याने त्या घराचे जे नुकसान होते ते कमाईच्या मापाने मोजता येणार नाही. वयाचा गुणक बदलावा, अशी मागणी कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि ती आम्ही करणार आहोत.

निरोगी वार्धक्याच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'वृद्धत्व' हाच शब्द निदान म्हणून घालण्याचे घाटत होते. जगभरातून आक्षेप आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो मागे घेतला आणि वयानुसार शारीरिक व मानसिक क्षमतेत होणारी घट, असा उल्लेख केला. वय हाच आजार ठरला असता तर 'आता या वयात हे असंच असायचं' म्हणून तपासणी टाळणाऱ्यांना अधिकृत आधार मिळाला असता आणि वय मागे नेण्याचे पॅकेज विकणाऱ्यांनाही. क्षमता मात्र मोजता येते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत हाताची पकड आणि चालण्याचा वेग प्रत्यक्ष मोजला. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांवर झालेल्या चाचणीत नियमित चालणे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची, तर केवळ आरोग्याची व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची हालचाल गंभीरपणे मंदावली. फरक थोडा आहे, पण तो खरा आहे, आणि त्या चाचणीत सत्तरी ओलांडली म्हणून कोणाला वगळले नव्हते. उलट उतारवय ही प्रवेशाची अट होती. काकू सध्या मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्टकडे जातात. कूर्चा परत आलेली नाही, पण जिना चढताना त्या आता मधल्या मजल्यावर बसत नाहीत.

आमचे निवेदन जवळजवळ तयार आहे आणि ते नवी मुंबई व ठाणे या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना द्यायचे आहे. विरंगुळा केंद्रात रुग्णहक्कांची सनद मराठीत लावावी आणि जवळच्या रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खुल्या असलेल्या चाचण्यांची माहिती तिथे नियमित मिळावी, या दोन मागण्यांवर सगळ्यांचे एकमत आहे. तिसऱ्या मागणीवर वाद चालू आहे. काही सदस्यांना वाटते की केंद्रात खासगी क्लिनिकच्या शिबिरांवर सरसकट बंदी घालावी. मला ते पटत नाही, कारण केंद्राचे दार बंद झाले की तीच मंडळी फोनवरून आणि घरोघरी जाऊन गाठतील, आणि तिथे प्रश्न विचारायला शेजारी कोणी नसेल. शिबिर होऊ द्यावे, पण उपचाराचे नाव, त्याला मिळालेली परवानगी, तुलनेचे निकाल, एकूण खर्च आणि त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा, हे सगळे शिक्क्यानिशी लिहून दिल्याशिवाय माइक देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या सभेत त्यावर मतदान होईल आणि तोपर्यंत त्या लेखी नमुन्याचा मसुदा करण्याचे काम काकूंनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे.